डिस्क निर्दोष होती

कार्यालयात काम अडले की लोक ज्याच्या टेबलावर फाईल थांबली त्यालाच धरतात. पुष्कळदा त्या बिचाऱ्यापर्यंत हवा तो कागद पोचलेलाच नसतो. घोळ आवक-जावकीत असतो. यंत्राचेही असेच होते, हे मला सुरतेत कळले.

गोव्यात बसून सुरत म्हटले की साड्या आणि हिरे आठवतात. पण तिथल्या नवागाम-दिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी. गुजराती पाट्यांखाली अहिराणी कानावर पडते. माझी बहीण तिथे दिलेली. २००९ साली तिच्या मुलाने भंगारवाल्याकडून एक जुना सर्व्हर आणला. दोन पेंटियम थ्री प्रोसेसर, स्कझी जातीची डिस्क. त्यावर लिनक्स घालून शिकायचे होते. भावोजींचे मत एकच, "लोखंडात पैसे घातले!"

इन्स्टॉलेशन सुरू झाले की दोन्ही प्रोसेसर ओळखले जात आणि डिस्कपाशी येऊन सगळे ठप्प. डिस्क उत्तर देत नाही, अशा अर्थाच्या ओळी पडद्यावर सरकत राहत.

"मामा, डिस्क गेली. दुसरी घ्यावी लागणार."

दुसरी डिस्क म्हणजे त्याच्या शिकवण्यांची महिन्याची कमाई. मी म्हटले, "घेण्याआधी एकाच प्रोसेसरवर चालवून बघ." त्याने बूटच्या ओळीत 'नोएसएमपी' लिहिले. डिस्क मुकाट चालू लागली! मग दोषी दुसरा प्रोसेसर? तेही ताडून पाहिले. दोन्ही प्रोसेसर चालू ठेवून फक्त 'नोएपिक' लिहिले. तरीही सगळे सुरळीत.

झाले होते ते असे. काम संपले की डिस्क प्रोसेसरला हाक मारते. तिला इंटरप्ट म्हणतात. एका प्रोसेसरच्या यंत्रात ती पोचवायला जुनी, साधी सोय पुरते. प्रोसेसर अनेक झाले की कोणती हाक कुणाकडे, हे पाहायला आयओ-एपिक नावाचा भाग लागतो. कोणती तार कुठे जोडली आहे, याचा तक्ता बायोस देते. इंटेलने या तक्त्याचे नियम नव्वदच्या दशकात घालून दिले, पण प्रत्येक बोर्डावर तो बिनचूक भरलेला असतोच असे नाही. तक्ता चुकला की डिस्क हाक मारत राहते आणि ऐकणारा कुणी नसतो.

'नोएसएमपी'ने दुसरा प्रोसेसर आणि आयओ-एपिक दोन्ही बाजूला होतात, 'नोएपिक'ने फक्त आयओ-एपिक. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की डिस्क सुटते, प्रोसेसरही सुटतो. उरते ती आवक-जावक.

या उपायाला किंमत आहे. साऱ्या हाका पहिल्याच प्रोसेसरकडे जातात, थोडा वेग जातो. बायोसची नवी आवृत्ती मिळाली तर मूळ दोषच जाऊ शकतो. त्या बोर्डासाठी ती मिळाली नाही. भाच्याचे काही अडले नाही. त्याच डिस्कवर तो पुढे दोन वर्षे लिनक्स शिकला, आणि शिकवण्यांचे पैसे कॉलेजच्या फीला गेले.