यादी कोणाची?

घरच्यांना माझी नोकरी समजावून सांगणं अवघड जातं. इंजिनिअर होऊन बाहेर पडल्याला सात वर्षं होत आली, पण मी नक्की काय 'बनवतो' याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मागच्या दिवाळीत आत्याने विचारलं तेव्हा म्हणालो, "दोन ऑफिसांकडे एकाच माणसाची नावं वेगवेगळी लिहिलेली असतात. तो माणूस एकच आहे हे मी कॉम्प्युटरला सांगतो." ती म्हणाली, "मग त्या दोन ऑफिसांनी एकमेकांना फोन का नाही करायचा?"

तेव्हा सगळे हसले. पण नंतर सहा-सात महिने मी जे वाचत बसलो, ते बहुतेक याच प्रश्नाबद्दल होतं.

झालं असं, की आमच्या टीमकडे पगाराच्या याद्या जुळवण्याचं काम होतं. कुणीतरी ग्रुपवर एक पीडीएफ टाकली : सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत काम करणाऱ्यांना पगार कसा पोचवला, त्याची हकिकत. ग्रुपवर आलेल्या पीडीएफचं जे होतं तेच तिचं झालं, दोन अंगठे आले आणि विषय संपला. मी मात्र ती हिंजवडीच्या बसमध्ये उघडली. ट्रॅफिक नेहमीचंच होतं, त्यामुळे सगळी वाचून झाली. मग त्या देशाचं आधीचं वाचलं, मग त्याच्याही आधीचं.

सिएरा लिओन हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश, महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान. मार्च १९९१ ते जानेवारी २००२, अशी जवळपास अकरा वर्षं तिथे यादवी चालली. आपल्याकडे या युद्धाची आठवण निघते ती 'ऑपरेशन खुकरी'मुळे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेले आपले गोरखा जवान कैलाहुन या पूर्वेकडच्या गावात दोन महिन्यांहून जास्त काळ बंडखोरांच्या वेढ्यात होते. जुलै २००० मध्ये त्यांना सोडवलं. कैलाहुन हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

युद्ध संपलं की देश 'उभारायचा' असतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण उभारणार कोण? जुने अनुभवी अधिकारी देश सोडून गेलेले. फायली जळालेल्या. आणि मंत्रिपदं? १९९९ च्या लोमे करारात बंडखोरांना मंत्रिमंडळात चार जागा देऊ केल्या होत्या. त्यांचा म्होरक्या फोडे सांको याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि हिऱ्यांसारख्या खनिजांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. दहा महिन्यांत तो करार मोडून पडला हा भाग वेगळा. मला अडकवून ठेवलं ते त्यामागच्या विचाराने. खातं ही शांततेसाठी मोजलेली किंमत असेल, तर ते कुणाचं तरी वतन होतं. मग शेजारच्या खात्याला माहिती देणं म्हणजे आपल्या वतनाचा बांध कोरू देणं.

त्यात मदत देणारे देश आणि संस्था. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण प्रत्येकाला स्वतःचा प्रकल्प, स्वतःचं ऑफिस, स्वतःचा रिपोर्ट हवा असतो. सरकारी पगाराच्या कित्येक पट पगार देऊन ते हुशार माणसं उचलतात. मग एकाच जिल्ह्यात एका देणगीदाराची दवाखान्यांची यादी, दुसऱ्याची नर्सची यादी, तिसऱ्याची औषधांची यादी. तिन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकींशी जुळत नाहीत. हे वाचताना मला आमच्या ऑफिसमधल्या फाइलींची नावं आठवली : फायनल, फायनल-टू, फायनल-लेटेस्ट.

तरीही या देशाने एक मोठं काम करून दाखवलं. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होतं. एक मोठं कारण साधं होतं : दवाखान्यात गेलं की पैसे पडायचे. राष्ट्राध्यक्ष अर्नेस्ट बाई कोरोमा यांनी ठरवलं की गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांना उपचार मोफत. मुहूर्त धरला २७ एप्रिल २०१०, त्यांचा स्वातंत्र्यदिन. तयारीला जेमतेम सहा महिने.

हे काम आरोग्य खात्याचं आहे असं वाटतं ना? हिशेब करून बघा. फी बंद झाली की दवाखान्याचं उत्पन्न बंद, म्हणजे अर्थ खातं आलं. गर्दी वाढणार, पण नर्सचा पगार तुटपुंजा. तोवर वरकमाईवर घर चालायचं. म्हणजे पगारवाढ, म्हणजे पुन्हा अर्थ खातं आणि सरकारी नोकरभरती बघणारं ऑफिस. औषधं बाहेरून येणार, म्हणजे बंदर आणि गोदामं. दवाखान्यात पाणी-वीज नाही, म्हणजे बांधकाम. शिवाय २००४ पासून तिथे स्थानिक कौन्सिलं पुन्हा सुरू झालेली. दवाखाना चालवायचा कौन्सिलने, नर्स नेमायची आरोग्य खात्याने, तिचा पगार काढायचा राजधानीतल्या अर्थ खात्याने. नर्स कामावर आली नाही तर विचारायचं कुणी?

त्यांनी सहा कार्यगट केले : पैसा, माणसं, औषधं, इमारती, लोकांपर्यंत निरोप, आणि देखरेख. बैठका ठरलेल्या, तारीख न हलणारी, आणि वर राष्ट्राध्यक्षांचं लक्ष. मार्चमध्ये आरोग्य कर्मचारी संपावर गेले, तेव्हा पगारवाढीचा निर्णय लागला. पण वाढीव पगार द्यायचा कुणाला? आधी यादी साफ करायची होती. त्या साफसफाईत सुमारे ८५० नावं निघाली जी फक्त कागदावर नोकरी करत होती.

पहिल्याच वर्षी पाच वर्षांखालच्या मुलांच्या तपासण्या नऊ लाखांच्या आसपासवरून एकोणतीस लाखांवर गेल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. औषधं संपायची, कुठे कुठे पैसे मागितले जायचेच. पण मला त्या ८५० नावांचं फार वाटलं. माझ्या भाषेत तो 'डेटा क्लीनअप'. यादी तर आधीही घाण होती, वर्षानुवर्षं. साफ तेव्हाच झाली, जेव्हा ती साफ नसेल तर आपलं काम अडेल असं दोन खात्यांना एकाच वेळी वाटलं.

मग मे २०१४ उजाडला. गिनीच्या सीमेवरून इबोला आत आला तो कैलाहुन जिल्ह्यातच. जुलैच्या शेवटी आणीबाणी जाहीर झाली. त्याच आठवड्यात देशातले या आजाराचे सगळ्यात मोठे जाणकार डॉक्टर शेख उमर खान इबोलानेच गेले. ऑगस्टमध्ये आरोग्यमंत्री बदलले. सप्टेंबरमध्ये तीन दिवस अख्खा देश घरात बंद. तरी आकडे चढतच होते. मृतदेहाला हात लागला तरी लागण व्हायची, आणि फ्रीटाऊनमध्ये मृतदेह दिवसेंदिवस उचलले जात नव्हते. गाडी एका खात्याची, ड्रायव्हर दुसऱ्याचा, पथक तिसऱ्या संस्थेचं, प्रयोगशाळेचा निकाल चौथ्याकडे.

ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सगळं काम आरोग्य खात्याकडून काढलं आणि राष्ट्रीय इबोला प्रतिसाद केंद्र नावाची नवी यंत्रणा उभी करून संरक्षणमंत्री आल्फ्रेड पालो कोन्टे यांच्या हातात दिली. जिल्ह्याजिल्ह्यात तशीच केंद्रं. ब्रिटिश सैन्याची मदत. मृत्यूची खबर द्यायला ११७ हा एकच नंबर. काही आठवड्यांतच राजधानीत बहुतेक मृतदेह चोवीस तासांत उचलले जाऊ लागले.

इथवर वाचून मला बरं वाटायला लागलं होतं. एक केंद्र, एक नंबर, एक प्रमुख! माझ्या धंद्यातल्या प्रत्येक माणसाला हेच चित्र आवडतं.

पण तेवढ्यात केनेमा आलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केनेमा शहरात दफन करणाऱ्या पथकांनी मृतदेह हॉस्पिटलच्या दारात आणून टाकले. त्यांचा जोखीमभत्ता दोन महिने आला नव्हता. केंद्राचं म्हणणं, पैसे जिल्ह्याकडे दिलेत. पैसे निघाले होते, आणि पोचले नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. त्या माणसांना कामावरून काढून टाकलं गेलं.

शेजाऱ्यांनी वाळीत टाकलेली ही माणसं. कुणी घरमालकाने हाकललेली. रोज प्लास्टिकच्या सूटमध्ये घामाने निथळत दुसऱ्यांची माणसं पुरायची, आणि भत्ता कुठल्या टेबलावर अडकलाय हे सांगायलाही कुणी नाही. त्या रात्री मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

ती पीडीएफ होती त्याच्या पुढची. भत्ता रोखीने वाटणं थांबवून मोबाइलवर पाठवायचं ठरलं. पण पाठवायचा कुणाला? कित्येकांकडे ओळखपत्र नाही. एकाच आडनावाची आणि एकाच नावाची शेकडो माणसं. तोच माणूस तीन याद्यांत, तीन स्पेलिंगने. फ्रीटाऊनमधल्या स्थानिक मुलांच्या टीमने फुकट उपलब्ध असलेलं चेहरा ओळखायचं सॉफ्टवेअर वापरून फोटोंवरून दुबार नावं काढली. महिन्याहून जास्त लागणारा भत्ता आठवड्याभरात पोचू लागला. नंतरच्या अभ्यासात याने एक कोटी डॉलरहून जास्त वाचले असा हिशेब निघाला.

माझ्याच वयाची ही मुलं, माझंच काम करत होती. मला त्यांचा अभिमान वाटतो, थोडा हेवाही. पण त्या सॉफ्टवेअरच्या आधी एक गोष्ट घडावी लागली : केंद्र, जिल्हे, हॉस्पिटलं, बँका आणि मोबाइल कंपन्या, सगळ्यांनी 'हीच एक यादी धरायची' हे मान्य करणं. त्याचा कोड नसतो. आमच्याकडे क्लायंट म्हणतो, "एक पोर्टल करून द्या, सगळी डिपार्टमेंटं त्यावर येतील." ती येत नाहीत. प्रत्येक जण आपली एक्सेल शीट जपून ठेवतो आणि पोर्टल ही आणखी एक यादी होते. म्हणून आता मी पहिल्या मीटिंगला तीन प्रश्न विचारतो. दोन याद्यांत फरक आला तर कुणाची खरी धरायची? ते ठरवणारा माणूस कोण? आणि त्याने किती दिवसांत ठरवायचं? यावर खोलीत शांतता पसरते. मॅनेजर म्हणतात, हे आपल्या स्कोपमध्ये नाही. बरोबर आहे त्यांचं. पण ज्याचा भत्ता अडतो त्याच्या दृष्टीने एवढाच स्कोप असतो.

संरक्षणमंत्र्याच्या हाती सगळं देणं हाही काही कायमचा उपाय नव्हता. साथीच्या पहिल्या सहा महिन्यांचं सरकारी लेखापरीक्षण २०१५ मध्ये आलं, तेव्हा जवळपास एक तृतीयांश खर्चाची धड कागदपत्रं नव्हती. घाईत उभारलेल्या केंद्राला लोक घाबरून उत्तर देतात, आणि भीती साथीबरोबरच ओसरते. ७ नोव्हेंबर २०१५ ला देश इबोलामुक्त जाहीर झाला. त्यानंतर केंद्र बंद झालं. ज्या आरोग्य खात्याला बाजूला सारलं होतं, त्याच्याकडेच सगळं परत आलं. साडेतीन हजारांवर माणसं गेली होती, त्यात कितीतरी नर्स आणि डॉक्टर.

पण ११७ हा नंबर उरला. २०१८ मध्ये तिथे देशभरासाठी रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, आणि तिला हाच नंबर दिला. मेलेल्यांची खबर द्यायला लोकांना पाठ झालेला नंबर आता बाळंतिणीसाठी गाडी बोलवायला लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजांनुसार २००० साली तिथे लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १७०० माता दगावत होत्या; २०२० साली साडेचारशेच्या आसपास. हे एका योजनेचं किंवा एका नेत्याचं श्रेय नाही, आणि साडेचारशे हाही भयंकरच आकडा आहे. पण त्या उतरत्या आकड्यामागे कंटाळवाण्या बैठका आहेत, साफ केलेल्या याद्या आहेत, आणि दर वेळी "हे माझ्या खात्याचं नाही" असं म्हणायचं टाळलेला कुणीतरी कारकून आहे. त्याचं नाव कुठल्याच रिपोर्टात मला सापडलं नाही.