भिशीचा रकाना

मे महिन्यात चेन्नईत जे ऊन पडतं त्याला तमिळमध्ये ‘कत्तिरी वेयिल’ म्हणतात. मी सोलापूरची, मला उन्हाचं काय कौतुक? पण समुद्राकाठचा तो चिकट घाम नवा होता. त्या उन्हात अड्यारला पीएचडी करणाऱ्यांसाठी संशोधनपद्धतीचा दहा दिवसांचा वर्ग होता. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद देशभर असे वर्ग पुरस्कृत करते, हाही तसलाच. अर्ज केला, निवड झाली. दुपारचं जेवण तिथे मिळणार होतं. प्रवास आणि राहणं मात्र ज्याचं त्याने आधी भागवायचं, मग पावत्या जोडून आपापल्या विद्यापीठाकडून प्रतिपूर्ती घ्यायची.

प्रतिपूर्ती हा शब्द मला तेव्हा फार दिलासा देणारा वाटला होता.

माझी नेट झाली होती, जेआरएफ थोडक्यात हुकली. ती असती तर महिन्याला 37,000 रुपये (जानेवारी 2023 पासूनचा दर) आणि सुरुवातीला वर्षाला 10,000 आकस्मिक खर्चाचे. मग तिकिटासाठी कुणाचं तोंड बघावं लागलं नसतं.

आईने फक्त एवढंच विचारलं, “पैसे परत मिळतात ना गं?” मी हो म्हणाले. आमच्या गल्लीत बायकांची लिलावाची भिशी आहे. बारा जणी, महिन्याला हजार. ज्या बाईला घाई, तिने जास्त रक्कम सोडायची. मार्चमध्ये सुरू झालेली ती भिशी आईने एप्रिलमध्येच उचलली, 1,800 रुपये सोडून. 10,200 हातात आले. सोडलेले पैसे बाकीच्या जणींत वाटले गेले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांच्याही घरी अडचणी असतातच.

माझा विषय सोलापूरच्या बिडी कामगार बायका. वर्गात नमुना निवडीचा तास होता. कारखान्याच्या दारात उभं राहून दर दहाव्या बाईला गाठायचं, अशी माझी योजना मी मोठ्या ऐटीत मांडली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “जी दारापर्यंत येतच नाही, ती तुझ्या यादीत कशी येणार?” घरीच वळून शेजारणीच्या हाती बिड्या पाठवणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत होत्या. तरी त्या सुचल्या नव्हत्या.

त्या रात्री खोलीवर पंख्याखाली मी नव्याने आराखडा मांडत होते आणि मध्येच वर्गातली माणसं मोजायला लागले. जेआरएफवाले, नोकरी करून पीएचडी करणारे, आईवडील प्राध्यापक असलेले. माझ्याच विभागातल्या एका मुलीची निवड झाली होती. ती आली नव्हती. “जमलं नाही,” एवढंच तिने कळवलं होतं. आम्हाला शिकवत होते त्या नमुन्यातला दोष आम्ही स्वतःच होतो. दुसऱ्या दिवशी हे बोलावंसं वाटलं, बोलले नाही. तिच्यासाठी टिपणं मात्र जरा सुवाच्य काढली.

परत आल्यावर बिल लावलं. मूळ तिकिटं, हजेरीचं प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक. राहण्याच्या पावतीवर जीएसटी क्रमांक नाही म्हणून ते एकदा परत आलं. पुन्हा पत्र, पुन्हा सह्या. फॉर्ममध्ये रेल्वे, निवास, स्थानिक प्रवास, इतर असे रकाने होते. ‘इतर’मध्ये मी 1,800 लिहिले आणि पुढे काय जोडायचं ते सुचेना म्हणून खोडले. भिशीची पावती कोण देतं?

पैसे डिसेंबरमध्ये जमा झाले. आईचे दोन हप्ते अजून बाकी होते.