दर्शनी किंमत

नाणी जमवणाऱ्या माणसाला घरात मान नसतो. पोस्टाची तिकिटे जमवणारा निदान रसिक तरी ठरतो, जुनी पुस्तके जमवणाऱ्याला लोक विद्वान समजतात. पण कोणी सुटे पैसे बाजूला ठेवू लागला, की त्याला सरळ चिक्कू म्हणून मोकळे होतात. हा आरोप मी पन्नासहून अधिक वर्षे हसतमुखाने सोसला आहे. माझ्या छंदाची सुरुवात मात्र चिक्कूपणाने झाली नाही. उलट उधळपट्टीने झाली.

१९६९ सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. आईने मला वाण्याकडे गूळ आणायला पिटाळले होते. वाण्याने परत दिलेल्या चिल्लरीत एक पिवळेधमक नाणे होते. वीस पैशांचे, आणि त्यावर चक्क गांधीजी! त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने ते काढले होते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मला वाटले, हे एकच नाणे असे आहे आणि ते नेमके माझ्या हाती आले आहे. गूळ आईच्या हवाली केला, नाणे मुठीतच राहिले.

“वीस पैसे कमी कसे रे?” आईने विचारले. मी मूठ उघडली. तिने नाणे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “ठेव. पण तुझ्या लवंगी फटाक्यांतून वळते करून घेईन हो!”

आणि खरोखरच तिने ते वळते करून घेतले. वीस पैशांचे नाणे मला बरोबर वीस पैशांना पडले. इतका सचोटीचा व्यवहार पुढे या छंदात माझ्या वाट्याला फारसा आला नाही.

तेव्हापासून हाताला चाळाच लागला. पैसे हाती आले, की आधी सालाच्या आकड्याखाली बघायचे. बारीक चौकट दिसली तर मुंबईची टांकसाळ, चांदणी दिसली तर हैदराबादची, काहीच नसले तर कलकत्त्याची. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली नेहरूंचे निघाले. ते मला उशिरा, एका पानवाल्याकडे मिळाले. १९९९ साली दोन रुपयांवर शिवछत्रपती आले, रुपयावर ज्ञानेश्वर आले. २००७ साली पाच रुपयांवर लोकमान्य आले. बसच्या कंडक्टरने मला महाराज परत दिले, भाजीवालीने ज्ञानेश्वर दिले. स्मारक म्हणतात ते याला! शिवरायांची तांब्याची शिवराई राज्य गेल्यावरही बाजारात चालत होती. तिला मखमल ठाऊक नव्हती. ती लोकांच्या हातून झिजत होती, हेच तिचे स्मारक.

पुढे नोकरीत बढती मिळाली, आणि माझी बुद्धी फिरली. बाजारात न येता टांकसाळीतून परस्पर विकली जाणारी स्मारक नाणी मी घेऊ लागलो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून २०१० सालचे हजार रुपयांचे नाणे. रवींद्रनाथांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली म्हणून दीडशे रुपयांचे. असले नाणे कधी वाण्याच्या गल्ल्यात जात नाही. घासून लख्ख केलेल्या चकतीवर, तसल्याच लख्ख ठशाने ते एकाहून अधिक वेळा दाबून काढतात; त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी दिसते आणि चित्र दुधाळ. त्याला बोट लावायचे नाही. डबीत निळी मखमल, डबीवर झाकण. नाण्यावर शंभराचा आकडा, आणि पावतीवर हजारांचा. पैसे आगाऊ, डबी मात्र कित्येक महिन्यांनी.

“एवढे पैसे कशाला हो घालता यात?” असे आमच्या घरातून विचारणे होई. मी रुबाबात सांगे, “अगं, ही गुंतवणूक आहे. मुलीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल.”

२०१४ च्या जूनमध्ये ती वेळ आली. मुलीला हव्या त्या शाखेत प्रवेश मिळाला. पैसे कमी पडत होते. मी सगळ्या डब्या पिशवीत भरल्या आणि ताठ मानेने बाजारात गेलो. दुकानदाराने डबी उघडली, नाणे काढून तराजूत टाकले. ज्याला मी चार वर्षांत बोट लावले नव्हते, त्याला त्याने चिमटीत धरले!

“साहेब, यात निम्मी चांदी, निम्मे तांबे-बिंबे. चांदीचे पैसे देतो. मखमलीचे कोण देणार?”

“पण हे स्मारक नाणे आहे. थोडीच काढली आहेत.”

“थोडी काढली, खरे आहे. पण ज्यांना हवी होती त्यांनी तुमच्यासारखीच तेव्हा घेतली. ज्यांनी घेतली नाहीत, त्यांना नकोच आहेत.”

एवढे अर्थशास्त्र मला कोणी कॉलेजात शिकवले नव्हते. घातले त्याच्या निम्मेही पैसे हाती आले नाहीत. राहिलेल्या रकमेसाठी हिने आपली एक पाटली मोडली. ती एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

दुःखाला सोबत लागते. म्हणून मी जगातल्या माझ्यासारख्यांच्या कथा वाचू लागलो, आणि सोबत भरपूर निघाली. विवेकानंदांची सर्वधर्मपरिषद जिच्या निमित्ताने भरली, ती १८९३ ची शिकागोची जत्रा. तिथे अमेरिकेने कोलंबसाचे पन्नास सेंटांचे नाणे एका डॉलरला विकायला ठेवले. पुष्कळ नाणी खपेनात; अखेर ती पन्नास सेंटांनाच चलनात सोडावी लागली. डॉलर मोजणारे आपल्या खिशाकडे बघत राहिले. १९८६ साली जपानने सम्राट हिरोहितोंच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून एक लाख येनचे सोन्याचे नाणे काढले. त्यात सोने होते वीस ग्रॅम. त्याची त्या वेळची किंमत लाखाच्या निम्मीही नव्हती. मग बनावट नाणी पाडणारे गप्प कसे बसतील? १९९० साली लाखाहून अधिक खोटी नाणी उघडकीस आली. गंमत अशी, की तीही सोन्याचीच होती! सरकारने आकडा इतका चढवला होता, की शुद्ध सोने वापरूनही लबाडी परवडत होती.

टांकसाळीचीही बाजू आहे. चांदी, घडणावळ, डबी, कर यांचे पैसे कोणी तरी द्यायला हवेत. पण माणसाला नाणे विकताना ‘थोर पुरुषाचे स्मरण’ विकायचे, आणि हजाराच्या नाण्याला कायद्याने मोल मात्र हजाराचेच ठेवायचे, यात स्मरण नेमके कोणाला होते? ज्याने पैसे मोजले त्यालाच. आणि तेही पावतीचे! मागाहून चांदी चढली हे खरे. पण ते श्रेय चांदीचे.

मुलगी आता कमावती आहे. पहिल्या पगारात तिने आईला पाटली करून दिली. मला काही दिले नाही; एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्हाला डबी नको ना?”

गेल्या लक्ष्मीपूजनाला हिने पाटावर मांडायला माझा जुना पत्र्याचा डबा मागितला. गांधीजींचे ते वीस पैशांचे नाणे तिने चिंचेने घासून लख्ख केले. आमच्या पंथात हे महापाप. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावीत नाही. मी ओरडायला तोंड उघडले, आणि मिटले. २०११ च्या जूनअखेर सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून काढून टाकली. म्हणजे त्याची दर्शनी किंमत आता शून्य. घासून ती आणखी किती उतरणार?

समईच्या उजेडात ते पिवळेधमक दिसत होते. वाण्याने दिले होते तेव्हा दिसले होते तसेच. त्याची किंमत मी लवंगी फटाक्यांत चुकती केली आहे. एक पैसा जास्त दिलेला नाही.