चाळणीवरचा चहा

बुद्धगयेचे दर्शन घेऊन आम्ही परत फिरणार होतो. पण वस्तीतल्या मंडळींनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे साठवून काढलेली ही सहल. इतक्या लांब आलोच आहोत तर हिमालयही पाहून जाऊ, असे ठरले. पाटण्याहून रेल्वेने न्यू जलपायगुडी गाठले आणि तिथून जीपने डोंगर चढू लागलो. रस्त्याला लगटूनच 1881 साली सुरू झालेल्या छोट्या आगगाडीचे रूळ आहेत, अवघे दोन फूट रुंदीचे. घूम हे या मार्गावरचे सर्वात उंच स्टेशन, 7,407 फुटांवर. तिथल्या जुन्या विहारात मैत्रेय बुद्धाच्या भव्य मूर्तीसमोर आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले आणि मुक्कामाला दार्जिलिंगला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा मळा पाहायला निघालो. उभ्या उतारावर कमरेएवढी झुडपे आणि त्यांत पाठीवर टोपल्या घेतलेल्या बाया. टोपलीचा पट्टा कपाळावर, दोन्ही हात मोकळे. दोन पाने आणि एक कळी एवढेच खुडायचे. साधारण साडेचार किलो ओली पाने खुडावीत तेव्हा एक किलो चहा तयार होतो.

कारखान्यात एका बाबूंनी सगळे हिंदीत समजावून दिले. पाने आधी रात्रभर वाऱ्यावर मलूल करतात, मग यंत्रात वळतात. वळताना पान चुरगळते, त्याला हवा लागते, त्याचा हिरवा रंग जाऊन ते तांबूस होते. मग गरम हवेत वाळवतात. शेवटी सगळा माल हलत्या चाळण्यांवर टाकतात. चाळण्या एकाखाली एक, वरची मोठ्या भोकांची, खालची बारीक. वर राहते ते अख्खे पान, त्याखाली तुटके पान, त्याखाली बारीक कणी म्हणजे फॅनिंग्ज आणि तळाला डस्ट.

अख्ख्या पानाच्या पेट्यांवर लांबलचक अक्षरे होती : एस.एफ.टी.जी.एफ.ओ.पी. त्याचा अर्थ सुपर फाईन टिप्पी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको. यातल्या ऑरेंजचा संत्र्याशी काही संबंध नाही. पेको हा मूळ चिनी शब्द, कोवळ्या कळीवरच्या पांढऱ्या लवेवरून आलेला. टिप्पी म्हणजे ज्यात कळीची टोके जास्त आहेत असा.

आमच्यासोबत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आत्या होत्या. त्यांनी तळाच्या चाळणीकडे बोट दाखवून विचारले, "म्हणजे आम्ही जन्मभर डस्ट पितो, तो यांचा झाडून काढलेला कचरा का?"

बाबू हसले. म्हणाले, "नाही, आमा. झाड तेच, पान तेच, खुडलेही एकाच दिवशी. वळताना एक अख्खे राहिले, एक तुटले, एवढाच फरक. ही प्रत आकाराची आहे, चवीची नाही. चव कळते ती कपात."

मग त्यांनी टेबलावर ओळीने पांढरे कप मांडले. प्रत्येकात सारख्याच वजनाचा चहा, सारखेच पाणी, सारखाच वेळ. चहा पारखणारा माणूस चमच्याने जोरात भुरका मारतो, तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. लिलावातला भाव अशा पारखीवर ठरतो, नुसत्या पेटीवरच्या अक्षरांवर नाही. अख्ख्या पानाचा चहा फिकट आणि सुगंधी लागला, तर बारीक मालाचा गडद आणि कडक. कण जितका बारीक तितका त्याचा रंग लवकर उतरतो. टपरीवाला डस्ट वापरतो तो यासाठीच.

आपल्या घरातला दाणेदार चहा मात्र बहुतेक सी.टी.सी. पद्धतीचा असतो. आसाम, डुआर्स आणि दक्षिणेतल्या मळ्यांत दातेरी रुळांत पान चिरडून, फाडून त्याच्या गोळ्या करतात. त्यातही ब्रोकन पेको, फॅनिंग्ज, डस्ट अशा प्रती आहेत, आणि चांगल्या डस्टला कधी कधी मोठ्या दाण्यापेक्षा जास्त भाव मिळतो. तेव्हा भगिनींनो, दुकानात दाणा मोठा म्हणून जास्त पैसे देऊ नका. मूठभर हुंगून पाहा. कुबट वास आला तर घेऊ नका. ओल्या टिपकागदावर चिमूटभर टाका. लगेच रंग पसरला तर त्यात भेसळ आहे असे समजा.

परतीच्या वाटेवर आत्या गप्पच होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावच्या हॉटेलात आमचा कप वळचणीला ठेवलेला असायचा. कानतुटका. तो आपणच घ्यायचा, चहा वरून ओतायचे, पिऊन आपणच विसळून ठेवायचा. चहा एकाच पातेल्यातला. मग प्रत कशाची लावत होते रे?"

आमच्यापैकी कोणालाच लगेच उत्तर देता आले नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत आपला समाज श्रेणीबद्ध विषमतेवर उभा असल्याचे सांगितले होते. चहाच्या चाळणीला निदान भोकाचे माप तरी असते. माणसांच्या चाळणीला जन्माशिवाय कसलेच माप नव्हते.

आणि ती चाळणी मोडली असे तरी कसे म्हणावे? खाली बाजारात वरच्या प्रतीच्या शंभर ग्रॅम पाकिटावरची किंमत आम्ही वाचली. पश्चिम बंगालच्या मळ्यांतली मजुरी 2023 मध्ये रोज 250 रुपये झाली. पाकिटाची किंमत त्याहून जास्त होती! डुआर्स आणि आसामच्या मळ्यांवर छोटा नागपूरकडून नेलेल्या उरांव, मुंडा, संथाळ मजुरांच्या पिढ्यानपिढ्या राबल्या. पान खुडणाऱ्या बाईची बोटे पारखल्याशिवाय पेटीवर ती लांबलचक अक्षरे येत नाहीत. पण तिच्या कष्टाची प्रत कोण लावतो?

आत्यांनी पाव किलो घेतला तो बारीक मालच. घरी आल्यावर शेजारपाजारच्यांना बोलावून त्यांनी चहा केला आणि ठेवणीतल्या कपबशा काढल्या. सगळ्यांना सारख्या, एकाही कपाचा कान तुटलेला नाही.