एकाच तोंडाच्या दोन वायरी

आमच्या घरी खंडेनवमी आणि आयुधपूजा एकाच पाटावर होते. मी खानापूरकडची, सूनबाई गदगची. माझ्या माहेरी विळा-कोयता पूजेला असायचा, तिच्या माहेरी हातमाग. आता पाटावर माझी शिवणाची कात्री, मुलाची फाउंड्रीतली मोजपट्टी आणि सूनबाईचा लॅपटॉप असतो. गेल्या दसऱ्याला मी म्हटले, नुसता लॅपटॉप कशाला, ती काळी डबीही ठेवू या. बिचारी वर्षभर राबते.

त्या डबीला सूनबाई 'डॉक' म्हणते. लॅपटॉपला एकच वायर लावायची. चार्जर, कीबोर्ड, माउस आणि दोन मोठे मॉनिटर हे सगळे डबीला. मी सगळ्या वायरी काढून कोरड्या फडक्याने पुसल्या, डबीला हळदकुंकू लावले आणि दसऱ्याच्या संध्याकाळी जिथल्या तिथे जोडून ठेवल्या. निदान मला तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आतून आवाज आला, "अय्यो!" जाऊन पाहते तर दोन्ही मॉनिटर काळेठिक्कर. लॅपटॉप चालू, चार्जिंग चालू, माउसही हलत होता. पण मोठ्या पडद्यांवर 'सिग्नल नाही' एवढेच यायचे आणि तेही विझायचे.

आता हे एवढे मनाला का लावून घ्यायचे, असे कुणी म्हणेल. तर सूनबाईची कंपनी बेंगळुरूची. घरून काम करायची परवानगी सहा महिन्यांपुरती मिळालेली. घरची व्यवस्था नीट चालली नाही तर बेंगळुरूला हजर व्हायचे, असे ठरलेले. त्या दिवशी अकरा वाजता परदेशातल्या गिऱ्हाईकाला काम दाखवायचे होते. मुलाची नोकरी इथे उद्यमबागेत, नातू पहिलीत. ती गेली की घराचे दोन तुकडे. मला तर कधीपासून वाटायचे, हिला मनातून बेंगळुरूच हवे आहे.

आणि माझ्या मनात दुसरीच धाकधूक. कुंकू आत गेले असणार! डबीच्या भोकांत कुंकू गेले आणि तिचा जीव गेला. मी गप्प राहिले. खोटे कशाला सांगू, भ्याले.

सूनबाई मात्र न चिडता एकेक तपासत होती. आधी मॉनिटरचा दिवा लागतो का. मग मॉनिटरच्या बटणांतून तो योग्य भोकाकडे पाहतो आहे का. मग विंडोजची कळ आणि पी दाबून पडदे वाढवायचा पर्याय निवडला आहे का. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबले. त्याने चित्राचे यंत्र झोपेतून उठते म्हणे. काही नाही. मग डॉकची वीज काढून अर्धा मिनिट थांबली आणि पुन्हा लावली. तरी काळोखच. कंपनीच्या मदत विभागाला फोन केला. तिकडून उत्तर आले, "डॉक खराब झालेला दिसतो, नवा पाठवायला चार दिवस लागतील."

मग तिने एक मॉनिटर डॉकला वगळून थेट लॅपटॉपला जोडला. चटकन चित्र आले. ती म्हणाली, "अत्ते, मॉनिटर शहाणा आहे, लॅपटॉपही शहाणा आहे. खोडी मधेच कुठेतरी."

मला राहवेना. मी म्हटले, "अगं, मी डबीला कुंकू लावले होते. आत गेले असेल."

ती हसलीच. "कुंकवाने नाही हो. तुम्ही वायरी काढल्या होत्या?"

"सगळ्या."

"आणि तुमच्या मोबाइलची वायर कुठे आहे?"

देव्हाऱ्याजवळ मोबाइल चार्जिंगला होता. तेव्हा कुठे लक्षात आले की कालपासून माझी वायर आखूड आणि ताठ वाटत होती. दोन्ही वायरी काळ्या, दोन्हींचे तोंड सारखेच. मी अदलाबदल केली होती. तिने वायर बदलली. दोन क्षण गेले आणि दोन्ही पडदे उजळले. "बंतु री अत्ते, बंतु!" ती ओरडली. अकराला दहा मिनिटे होती.

दुपारी तिने मला समजावले. हे यूएसबी-सी नावाचे तोंड 2014 साली आले. त्यात 24 टोके असतात. पण तोंड सारखे म्हणून वायर सारखी नसते. मोबाइलबरोबर येणाऱ्या बहुतेक वायरींत वीज आणि साधा, मंद निरोप नेण्यापुरत्याच तारा असतात. म्हणून चार्जिंग होते, माउस हलतो. चित्र न्यायला जास्त वेगाच्या तारा लागतात, त्या तिच्यात नसतातच. म्हणून वायर ठीक असल्याचा भास होतो आणि बिचाऱ्या डॉकवर आळ येतो.

मी म्हटले, "माझ्यामुळे तुझी नोकरी जात होती." ती म्हणाली, "होग्ली बिड्री." मग थोडे थांबून म्हणाली, "अत्ते, मलाच भीती वाटत होती. मला बेंगळुरूला नाही जायचे. पण तुम्हाला सांगितले तर वाटेल, ही कामाला कंटाळली."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. सहा वर्षे एका घरात आहोत. "ऊट आयतेन?" मी विचारते, "चहा ठेवू?" ती विचारते. सगळे सुरळीत चालले आहे असेच मला वाटे. पण मनातले चित्र काही पलीकडे पोचत नव्हते, आणि मी मात्र आळ तिच्यावर घेत बसले होते.

आता डॉकच्या वायरीला मी लाल दोरा बांधला आहे. यंदा पूजेला डबी ठेवायची, पण वायरी सूनबाईच काढील आणि तीच लावील. मी शेजारी बसून गप्पा मारीन.