दोन चौकटींमधली जागा

शनिवार पेठेत राहणारा, कादंबऱ्या-चरित्रे मन लावून वाचणारा, पण ग्राफिक नॉव्हेल कधी हाती न धरलेला माणूस. त्याला पहिले पुस्तक कोणते द्यावे? जाणकार बहुधा आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’चे नाव घेतात. पुस्तक थोरच आहे. १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कारही मिळाला. तरी पहिले म्हणून मी ते देणार नाही. पोलंडमधल्या ज्यूंचा इतिहास समजून घेणे आणि चौकटी वाचायला शिकणे ही दोन कामे एकदम अंगावर आली की वाचक सवयीच्या वाटेने जातो. फुग्यांतला मजकूर भराभर वाचतो, पान उलटतो, चित्रे नजरेखालून नुसती सरकतात. मग म्हणतो, हेच गद्यात लिहिले असते तर काय बिघडले असते? म्हणून पहिली कथा त्याला आधीपासून ठाऊक असलेलीच हवी. पुढे काय होणार याची उत्कंठा नसली की डोळा मोकळा होतो आणि कसे सांगितले आहे याकडे वळतो.

आपल्याकडे हे नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकेक करून पुढे धरत आणि गात. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. रावण मरतो की नाही हे कळावे म्हणून तिथे कुणी बसत नसे. पुढे छापील चित्रकथांनीही हाच आधार घेतला. १९६७ नंतरच्या ‘अमर चित्रकथे’तला कृष्ण राम वाईरकरांनी काढला, पुण्याच्या प्रताप मुळीकांनीही त्या मालिकेसाठी खूप चित्रे काढली. म्हणजे हात आपलेच होते. तरी मराठी घरांत चित्रकथेचे वय ठरलेले राहिले: ‘चांदोबा’, वेताळ, अमर चित्रकथा, आणि दहावीच्या आसपास सगळे रद्दीत. १९९१पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागलेला ‘चिंटू’ तेवढा मोठ्यांनी उघडपणे वाचला, तोही तीन-चार चौकटींपुरता.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारे चांगले वाचक असतात: चित्र आयते समोर ठेवले की कल्पनेला काम उरत नाही. शनिवारवाड्याच्या सावलीत राहणाऱ्याला याचे उत्तर तिथलाच प्रसंग घेऊन देता येईल. ३० ऑगस्ट १७७३. एका चौकटीत गारद्याची उगारलेली तलवार आणि काकांकडे धावणारा नारायणराव पेशवा; पुढच्या चौकटीत वाड्यावरचे नुसते आकाश. वार कुठे झाला? दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत, आणि तो केला वाचकाने. किती जोराने, कुठे, तलवार किती वेळा खाली आली, हे त्यानेच ठरवले. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये उगारलेली कुऱ्हाड दाखवून हीच गोष्ट पटवली आहे. बखरकार किंवा कादंबरीकार घाव स्वतः घालतो. इथे वाचकाला हात झटकता येत नाहीत.

तेव्हा माझे पहिले पुस्तक ‘भीमायन’ (२०११). मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. मसूर स्टेशनवर अडकून पडलेला लहानगा भीमराव आंबेडकर, बडोद्यात नाकारलेले घर हे सारे मराठी वाचकाला पाठ असते. मग ठाऊक असलेलेच पुन्हा वाचून तो शाळकरी धड्यासारखे बाजूला ठेवील, ही भीती रास्त वाटते. पण व्यामांनी सरळ चौकटी आखायलाच नकार दिला आहे. मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, आणि ज्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. अक्षर वाचण्याआधी शब्द डसणार हे कळते. धड्याला हे जमत नाही. त्याच वर्षी आलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ त्यानंतर द्यावे. ते फुल्यांच्या १८७३च्या ‘गुलामगिरी’वर उभे आहे, आणि मूळ ग्रंथच जोतीराव व धोंडिबा यांचा संवाद असल्याने फुग्यांत तो फारसा उपरा वाटत नाही. शिवाय फुल्यांच्या १८४८च्या शाळेचा भिडेवाडा शेजारच्या बुधवार पेठेतला. वाचकाला भूगोल समजावून सांगावा लागत नाही.

ही पुस्तके मुळात इंग्रजीत लिहिली गेली, हा दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पेठेतल्या पुष्कळांना इंग्रजी येते हे उत्तर अपुरे आहे, कारण आंबेडकर-फुले ज्यांच्या घरात मराठीतूनच आले, त्यांच्याच हाती हे आधी पडायला हवे. ज्याला इंग्रजी चालते त्याला पुढे पुण्यात जन्मलेल्या अमृता पाटील यांचे ‘आदिपर्व’ (२०१२) द्यावे. महाभारत ठाऊकच आहे. इथे ते गंगा सांगते, आणि सांगण्याचे प्रसंग कृष्णधवल, कथेतले रंगीत, त्यामुळे निवेदन कुठे संपले ते डोळ्यांनाच कळते. त्यांचेच ‘कारी’ (२००८) मी घाईने देणार नाही. दोघी मैत्रिणी इमारतीवरून उडी घेतात तिथून ते सुरू होते, आणि तिथून पुढे वाचकाला ओळखीच्या कथेचा आधार नसतो.