मधली बकरी

बैठ्या खेळांत शतरंज, चौसर, कॅरम हे खेळ तुमच्या परिचयाचे आहेत. मला मात्र वाघ-बकरीचा खेळ सर्वांत अधिक आवडतो. हा खेळ विकत आणावा लागत नाही. कोळशाने फरशीवर पट आखावा, चार खडे वाघ म्हणून घ्यावेत, वीस चिंचोके बकऱ्या म्हणून घ्यावेत, की झाली तयारी! नेपाळात याला 'बाघचाल' म्हणतात. तमिळ आणि तेलुगू मुलखातही वाघ-बकऱ्यांचे असेच खेळ आहेत. पट आणि सोंगट्यांची संख्या तेवढी बदलते.

शतरंजमध्ये दोन्ही बाजूंना सारखेच सैन्य असते. इथे तसे नाही. एका बाजूला चार बलवान वाघ, तर दुसऱ्या बाजूला वीस दुबळ्या बकऱ्या. ही विषम लढत बरोबरीची कशी होते, हीच या खेळातली गंमत आहे.

पट असा आखतात. पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा काढायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात ती पंचवीस घरे. मग समोरासमोरचे कोपरे तिरप्या रेघांनी जोडायचे. चारही बाजूंचे मध्यबिंदूही तिरप्या रेघांनी जोडायचे. चार कोपऱ्यांत चार वाघ बसवायचे. बकरीवाल्याने दर खेपेला एक बकरी रिकाम्या घरात ठेवायची आणि वाघवाल्याने एक वाघ हलवायचा. सगळ्या बकऱ्या पटावर आल्या, की मगच त्या रेघेवरून एकेक घर चालू लागतात. वाघाच्या शेजारी बकरी असेल आणि त्याच रेघेवर तिच्या मागचे घर रिकामे असेल, तर वाघ उडी मारून तिला खातो. बकरीला उडी मारता येत नाही. पाच बकऱ्या गेल्या, तर वाघ जिंकले. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही, तर बकऱ्या जिंकल्या.

आमचे गाव नागरा. गोंदिया शहराला लागूनच आहे. गावात जुने शिवमंदिर आहे आणि गावाभोवती धानाच्या बांध्या. आमच्या जिल्ह्यात खरे वाघही आहेत. 2013 साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प झाला. पण मला वाघाची पहिली ओळख झाली ती फरशीवरच्या पटावर. आमच्या नानी दुपारी मला खेळायला बसवत. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. पण त्यांच्या बकऱ्या सहसा मरत नसत. मी बकरी उचलली, की त्या म्हणत, "बेटा, पीछे का घर देख!"

नानींच्या या एका वाक्यात सारा डाव आहे. बकरी मरते ती वाघ समोर आला म्हणून नव्हे. तिच्या पाठीमागचे घर रिकामे असते म्हणून मरते. मागे दुसरी बकरी असेल, तर वाघ नुसता गुरगुरत बसतो. म्हणून जाणता खेळाडू प्रथम बकऱ्या कडेला ठेवतो. कडेच्या बकरीवर फक्त दोन बाजूंनी उडी मारता येते, कारण इतर बाजूंना उडी मारली तर वाघ पटाबाहेर जाईल. पटाच्या अगदी मधल्या घराला मात्र आठ रेघा मिळतात. तिथे एकट्या बकरीला आठही बाजूंनी धोका असतो. घाईने मधे गेलेली बकरी बहुधा वाघाच्या पोटात जाते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी हा पट नववीच्या वर्गात फळ्यावर काढला. मराठीचा तास होता. खेळाबद्दल मराठीतच बोलायचे, अशी अट मी घातली होती. आमच्या वर्गात एक मुलगी होती. ती घरी उर्दू बोलायची. मराठीच्या तासाला मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. चुकले तर सगळे हसतील, ही तिची भीती. मराठी जमत नाही म्हणून शाळाच सोडते, असे ती घरी म्हणू लागली होती. तिच्या अम्मीनेच मला हे सांगितले होते.

मी मुलांना हिशेब घातला. कोपऱ्यातला एक वाघ कोंडायला किती बकऱ्या हव्यात? मुलांनी लगेच मोजले. त्याच्या शेजारची तीन घरे आणि त्या प्रत्येकाच्या मागचे एक घर, म्हणून सहा बकऱ्या. मग चारही कोपऱ्यांतले चार वाघ कोंडायला किती? "चोवीस!" सगळा वर्ग ओरडला. पण बकऱ्या तर वीसच आहेत! मग बकऱ्यांनी जिंकायचे कसे? वर्ग गप्प झाला.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हळू आवाज आला, "सर, मधली बकरी चौघांची आहे."

ती तीच मुलगी होती. मी तिला फळ्याजवळ बोलावले आणि खडू तिच्या हाती दिला. तिने बोटाने एकेक घर दाखवले. मधल्या घरातली बकरी चारही कोपऱ्यांच्या कोंडीत मोजली जाते. कडेच्या मध्यावरची प्रत्येक बकरी दोन कोपऱ्यांना पुरते. तिने पुन्हा मोजले. वाघांच्या शेजारी बारा, कडांच्या मध्यावर चार आणि मधे एक. एकूण सतरा! तीन बकऱ्या गेल्या, तरीही ही कोंडी करता येते. तिचे मराठी अडखळत होते. "घर" या शब्दाला तिने दोनदा "घरा" म्हटले. पण कोणीही हसले नाही. सगळ्यांचे डोळे फळ्यावर होते.

त्या दिवशी मुलांना आणखी एक गोष्ट कळली. जे घर सुरुवातीला सर्वांत धोक्याचे, तेच शेवटी सर्वांत उपयोगाचे ठरते. घर तेच, बदलतात ते शेजारी. चार बाजूंनी सोबती उभे राहिले, की मधली बकरी निर्धास्त होते आणि मग तिच्या आधाराने चार वाघ अडतात.

हा खेळ संगणकालाही सोपा गेला नाही. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोन संशोधकांनी बाघचालचा कसून अभ्यास केला. बकऱ्या चालू लागल्यानंतरच्याच 8 कोटी 82 लाखांहून अधिक मांडण्या त्यांनी संगणकाकडून तपासून घेतल्या. 2009 साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजू न चुकता खेळल्या, तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे नीट उभ्या राहिलेल्या वीस बकऱ्यांना चार वाघ हरवू शकत नाहीत.

ती मुलगी आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत चार-पाच मुली तिच्याभोवती बसतात. ती त्यांना गणित समजावते आणि त्या तिच्याशी मराठीत बोलतात. शाळा सोडण्याची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही, असे तिच्या अम्मीने परवा मला सांगितले.